रुंद पाय, सपाट तळवे आणि रानवाटेचा जोडा

इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यातून फिरले, तरी त्यांच्या पायांतील जोडे झिजले नाहीत, असे पवित्र शास्त्रावरून आपणांस कळते. आमच्या शाळेतील मुलांवर तशी कृपा झालेली दिसत नाही. जून महिन्यात घेतलेला नवा जोडा पोळ्याच्या सुमारास तोंड वासून बसतो. आणि ज्यांचे पाय रुंद व तळवे सपाट आहेत, त्यांच्या बाबतीत तर जोड्याच्या आधी पायच हार खातो. हा विषय कोणत्याही इयत्तेच्या अभ्यासक्रमात नाही, आणि वार्षिक अंकात जोड्यांवर लेख लिहावा हे काही वाचकांस चमत्कारिकही वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्यापाशी आमच्या हातून जो अन्याय घडला, त्यामुळे ह्या विषयाचा थोडा अभ्यास करणे आम्हांस भाग पडले. त्या अभ्यासाचे सार विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आठव्या इयत्तेची मुले घेऊन आम्ही सौताड्यास गेलो होतो. पाटोद्याहून जामखेडकडे जाताना बालाघाटाच्या पठारास एके ठिकाणी अकस्मात खोल चीर पडलेली दिसते. तीत विंचरणा नदी उडी घेते आणि खाली दरीत रामेश्वराचे देवालय आहे. माळावरून बरेच चालून मग पायऱ्यांनी दरीत उतरावयाचे व तसेच वर चढावयाचे, असा त्या दिवसाचा बेत होता. सगळी मुले पुढे धावत असता एक मुलगा मात्र सारखा मागे पडू लागला. आम्ही दोनदा हटकले, तिसऱ्यांदा रागावलो, आणि सर्व मुलांच्या देखत बोलून गेलो की, ज्याला चालण्याचा आळस तो अभ्यासातही मागेच राहावयाचा. मुलगा काही बोलला नाही. दरीतून वर येताना तो मध्येच पायरीवर बसला व त्याने जोडे काढले, तेव्हा आमची वाचा बंद झाली. दोन्ही करंगळ्यांवरचे फोड फुटून मोजे रक्ताने भिजले होते. अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली होती. पाय पाण्यात बुडवून त्याने दगडावर ठेवला, तो तळव्याचा संपूर्ण ठसा उमटला. मधली खाच कोठेच नव्हती. तो एवढेच म्हणाला, “सर, एक नंबर मोठा घेतला तरी चावतोच. आजी म्हणते, सपाट पायाचा माणूस चालण्याच्या कामाचा नाही. दादा म्हणतो, मला भरतीतही घेणार नाहीत.”

आम्ही त्याचे पाय धुतले व रुमाल फाडून पट्ट्या बांधल्या. प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितला आहे. परंतु दुसऱ्याचे पाय हातात घेतल्यावाचून त्याचे दुःख कळत नाही, हा त्यातील अर्थ आम्हांस त्या दिवशी नव्याने कळला. असो.

आता प्रथम सपाट तळवा म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या एका पायात २६ हाडे असतात. ती एकमेकांस बंधांनी अशी जखडलेली असतात की, टाच व चवडा ह्यांच्यामध्ये आतल्या बाजूस एक कमान तयार होते. विहिरीच्या किंवा पुलाच्या कमानीप्रमाणे ही कमान भार पेलते. मात्र दगडी कमान ताठ असते, तर पायाची कमान लवचीक असून दर पावलास थोडी दबते व पुन्हा वर येते. काही लोकांत ही कमान उभे राहताच जमिनीस टेकते. त्यांनाच आपण सपाट पायाचे म्हणतो. तान्ह्या मुलांचे पाय बहुधा सर्वांचेच सपाट दिसतात, कारण तळव्याखाली चरबीची गादी असते व बंध सैल असतात. पुढे वयाच्या पहिल्या आठदहा वर्षांत कमान हळूहळू आकारास येते. तेव्हा तीनचार वर्षांच्या मुलाचे पाय सपाट दिसले म्हणून आईबापांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

मोठ्या वयातही कमान दिसली नाही, तर एक सोपी परीक्षा घरी करता येते. मुलास अनवाणी उभे करावे व टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्यास सांगावे. टाच उचलताच तळव्याची कमान वर आलेली दिसली, तर तो लवचीक सपाट पाय समजावा. अशा पायात दुखणे नसेल, तर तो रोग नव्हे. नाकाडोळ्यांच्या ठेवणीसारखी ती पायाची एक ठेवण आहे. उलट, चवड्यांवर उभे राहूनही कमान वर येत नसेल, पाय ताठ असेल, एकच पाय सपाट झाला असेल किंवा चालताना सतत दुखत असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे अस्थिरोगतज्ज्ञांस पाय दाखवावा. बाजारातील तेल-मलमांवर पैसा घालवू नये.

भरतीची गोष्ट आमच्या जिल्ह्यातील मुलांच्या दृष्टीने लहान नाही. पहाटे डांबरी सडकेवर धावणारे तरुण आपण रोज पाहतो; कित्येक घरांची आशा त्यांच्या पायांवर उभी असते. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, सैन्याच्या वैद्यकीय नियमांत सरसकट प्रत्येक सपाट पाय अपात्र ठरविलेला नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, चवड्यांवर उड्या मारता व धावता येत असेल आणि पाय लवचीक व वेदनारहित असेल, तर असा उमेदवार घेण्यास त्या नियमांत वाव आहे. अंतिम निर्णय तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा असतो, हे खरे. परंतु परीक्षेपूर्वीच आजीच्या किंवा शेजाऱ्याच्या शब्दावरून मुलाने धावणे सोडून द्यावे, हे सर्वथा अयोग्य होय.

आता दुसरा प्रश्न रुंदीचा. सपाट पाय भार पडताच पसरतो, म्हणून असे पाय पुष्कळदा रुंदही असतात. तथापि रुंद पाय ही केवळ त्यांचीच गोष्ट नाही. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांच्या पायांची यंत्राने मापे घेतली. त्यावरून असे दिसून आले की, भारतीय लोकांचे पाय युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पायांपेक्षा सामान्यतः अधिक रुंद आहेत. परंतु आपण वापरतो ती जोड्यांची मापे इंग्रजी अमदानीत आलेली आहेत. जोडा रुंदीस पुरत नाही म्हणून आपले लोक गरजेपेक्षा लांब जोडा घेतात, असेही ह्या पाहणीत आढळले. त्यावरून ‘भा’ ह्या नावाची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. ‘भा’ म्हणजे भारत. म्हणजे सौताड्याच्या पायरीवर बसलेल्या मुलाचे दुःख हे त्या एकट्याचे नव्हते, तर देशातील असंख्य पायांचे होते.

एक नंबर मोठा घेतल्याने काम का भागत नाही, हे समजून घेण्यासाठी नंबर म्हणजे काय ते पाहावे. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचे अंतर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, अर्थात जवाच्या एका दाण्याची लांबी. हा अंक पायाची लांबी सांगतो; रुंदीविषयी तो काही बोलत नाही. नंबर वाढविला म्हणजे जोडा मुख्यतः लांबीने वाढतो, रुंदीने अल्पच. शिवाय जोड्याला वाकण्याची जी जागा कारागिराने ठेवलेली असते, ती लांब जोड्यात पायाच्या वाकण्याच्या जागेपुढे जाते. मग टाच आत खाली-वर घासते, बोटे पुढे सरकून उतारावर टोकास आपटतात, आणि करंगळी मात्र पूर्वीइतकीच दाबली जाते. एक दुखणे तसेच राहून दोन नवी दुखणी मिळतात. अमेरिकेत लांबीच्या अंकाबरोबर रुंदीचे अक्षरही देण्याची चाल आहे. पुरुषांच्या साधारण जोड्यास ‘डी’, रुंद जोड्यास ‘२ ई’ आणि अधिक रुंद जोड्यास ‘४ ई’ अशी ती अक्षरे होत. मोठ्या शहरांतील दुकानांत किंवा घरपोच मागविताना ही अक्षरे पाहावयास मिळतात. ज्यांस ती कळतात त्यांचा पैसा वाया जात नाही.

कित्येक पालकांचा असा समज आहे की, लहानपणापासून ताठ बंद बूट घातले म्हणजे कमान तयार होते. अनुभव ह्याच्या उलट आहे. इ. स. १९९२ मध्ये आपल्याच देशातील दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केला. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत शेकडा २.८ होते; आणि जोडे वापरणाऱ्यांतही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक होते. ह्यावरून मुलांनी अनवाणी हिंडावे असे आम्ही सुचवीत नाही. बाभळीचे काटे, विंचू-साप व पावसाळी चिखलातील जंत ह्यांपासून पाय राखलेच पाहिजेत. परंतु घरात व स्वच्छ अंगणात लहान मुलांस अनवाणी खेळू द्यावे, आणि जोडा हा कमान घडविणारा साचा नसून केवळ पायाचे रक्षण करणारे साधन आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग असे साधन निवडावे कसे? प्रथम घरी माप घ्यावे. सायंकाळी, दिवसभर चालून पाय थोडे फुगले असता, वहीच्या कागदावर मोजा घालून उभे राहावे. दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा आणि दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढवावी. बसून काढलेला आकार उपयोगाचा नाही, कारण सपाट पाय भाराखाली पसरतो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी व चवड्याच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी मोजून कागदावर लिहावी. दोन्ही पाय बहुधा सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. हा कागद कापून दुकानात न्यावा. ज्या जोड्याच्या तळाबाहेर कागद डोकावतो तो जोडा, रंग कितीही मनात भरला तरी, खाली ठेवावा.

दुकानात आणखी चार गोष्टी पाहाव्यात. आतला सुकतळा निघत असेल, तर तो काढून जमिनीवर ठेवावा व त्यावर उभे राहावे. पाय त्याच्या कडांवरून बाहेर सांडत असेल, तर जोडा अरुंद आहे. दुसरी गोष्ट, जोडा घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहावी, व आत बोटे मोकळेपणी हलावीत. तिसरी, जोडा दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावा. तो चवड्याच्या जागी वाकावा. मध्यावर पुठ्ठ्यासारखा दुमडत असेल किंवा धुण्याच्या पिळ्यासारखा पिळला जात असेल, तर सपाट पायास तो आधार देणार नाही. चौथी, टाचेमागची भिंत बोटाने दाबली असता ती टणक लागावी. सपाट पाय चालताना आत कलतो, त्याला ही भिंत सावरून धरते. आपल्या जुन्या जोड्याची टाच आतल्या बाजूस अधिक झिजली आहे काय, हे पाहिले म्हणजे ह्या कलण्याची खूण पटते. कमानीखाली उंच कठीण उंचवटा असलेला सुकतळा मात्र सपाट पायास टोचतो. मऊ व बेताचा आधार पुरे. आणि जोडा नाडीचा असावा, कारण चवड्यापाशी नाडी सैल ठेवून घोट्यापाशी घट्ट बांधता येते. रुंद भागावरील एक जोडी भोके नाडीवाचून सोडून दिली, तर तेथील दाब पुष्कळ उतरतो.

जोडा पायास बसला तरी तो टिकला पाहिजे. आपल्या जिल्ह्याची भूमी जोड्यांची कठोर परीक्षा घेते. बालाघाटाचा काळा दगड तळ कानशीप्रमाणे झिजवितो. पावसाळ्यात काळी माती पावलागणिक तळास चिकटून जोडा शेराचा होतो. वेड्या बाभळीचा काटा पातळ तळ सहज भेदतो. आणि गवताची कुसळे जाळीदार कापडातून आत शिरून पायास बोचत राहतात. म्हणून रानवाटेसाठी तळ जाड रबराचा, खोल व एकमेकांपासून दूर खाचा असलेला असावा. खाचा दाट असल्या तर त्यांत माती बसते व पाय घसरतो. वरचा भाग विरळ जाळीचा नसून घट्ट विणीचा किंवा चामड्याचा असावा. तळ केवळ डिंकाने चिकटविलेला नसून कडेने शिवलेला असेल तर उत्तम, कारण शिवण उसवली तर पुन्हा घालता येते.

एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. काही जोड्यांचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. हवेतील ओलाव्याने तो काही वर्षांत आपोआप ठिसूळ होतो, मग जोडा पेटीत ठेवलेला का असेना. ‘मोठ्या भावाने दोनदाच घातला होता’ म्हणून जपून ठेवलेला जोडा सहलीच्या दिवशी भुगा होऊन गळतो, त्याचे कारण हेच. तेव्हा ठेवणीतला जोडा नेण्यापूर्वी चार दिवस घालून पाहावा. भिजलेला जोडा चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नये. त्याने चामडे तडकते व डिंक सुटतो. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाऱ्यावर ठेवावा. नवा जोडा सहलीच्या दिवशीच प्रथम घालणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडण्यासारखे आहे. निदान पंधरा दिवस तो पायाच्या ओळखीचा करून घ्यावा.

वाढत्या वयाच्या मुलास दोन वर्षे पुरावा म्हणून मोठा जोडा घेणाऱ्या पालकांची अडचण आम्ही जाणतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबात वर्षातून एकदाच हातात पैसा येतो, तेथे आमचा उपदेश फुकाचा ठरेल. तथापि वर सांगितलेल्या पाहणीत असे दिसले की, मुलींचे पाय सरासरी अकराव्या वर्षापर्यंत व मुलांचे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत वाढतात. तेव्हा नववी-दहावीतील मुलीसाठी वाढीच्या मापाचा जोडा घेण्याचे कारण बहुधा नसते. मुलींविषयी आणखी एक शब्द. मुलीचा पाय लहान व निमुळता असावा, ह्या हौसेपायी कित्येक मुली अरुंद जोड्यांत पाय कोंबतात व पुढे अंगठा वाकडा होऊन किंवा कुरूप होऊन जन्मभर दुःख सोसतात. जो पाय डोक्यावर घागर असता तोल सांभाळतो, त्याची रुंदी हे व्यंग कसे होईल?

अखेरीस कारागिरांविषयी लिहिणे आमचे कर्तव्य आहे. तयार जोडा पायास बसत नसेल, तर गावातील चर्मकार बंधूंकडे जावे. पाय कागदावर ठेवून, चवड्याचा घेर दोरीने मोजून जोडा शिवण्याची रीत कोणत्याही कारखान्याहून जुनी आहे. बाभळीची साल व हिरडा ह्यांनी कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेस इ. स. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच हातांच्या कसबामुळे. तयार जोडा थोडासाच आवळत असेल, तर फर्म्यावर चढवून तो चवड्यापाशी रुंद करून देणे, तळ शिवून घेणे, टाचेस रबर लावणे, ही कामे ते अल्प मोबदल्यात करतात. त्यांशी घासाघीस करू नये. जोडे शिवणाऱ्यास हलके समजणाऱ्यांनी विल्यम केरी ह्याचे चरित्र आठवावे. इ. स. १७९३ मध्ये भारतात आलेला हा मिशनरी मूळचा जोडे शिवणारा कारागीर होता. त्यानेच इ. स. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. ज्याने परक्याच्या पायाचे माप घेण्याची सवय केली होती, त्याने परक्याच्या भाषेचेही माप तितक्याच काळजीने घेतले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

सौताड्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी, ज्या मुलांसमोर आम्ही त्या विद्यार्थ्यास बोललो होतो, त्यांच्याचसमोर त्याची क्षमा मागितली. नंतर वर्गातील सर्व मुलांच्या पायांचे आकार कागदावर काढले. मुलांस त्याची मोठी मौज वाटली. परंतु अर्ध्याहून अधिक कागद त्यांच्याच जोड्यांच्या तळांबाहेर आले, तेव्हा हसणे थांबले. आमच्या त्या विद्यार्थ्यासाठी त्याच्या वडिलांनी जाड तळाचा एक साधा रुंद जोडा आणला, व गावातील कारागिराने करंगळीपाशी तो आणखी सैल करून दिला. हिवाळ्यात मुले कपिलधारेस गेली, तेव्हा हा मुलगा चढावर आमच्या पुढे होता आणि मागे वळून हाका मारीत होता, “सर, या लवकर!”

पालकांस आमची विनंती इतकीच की, मूल मागे पडले तर रागावण्यापूर्वी त्याचा जोडा काढून पाहावा. आणि विद्यार्थ्यांनो, जोडा चावत असेल तर लाज न बाळगता सांगा. पाय देवाने दिला आहे, जोडा मनुष्याने केला आहे. दोहोंचा मेळ बसत नसेल, तर बदलावयाचा तो जोडाच होय.